फुटाला चार सूत

मोटारीच्या मॉडेल किटच्या खोक्यावर गाडीच्या चित्राशेजारी एक आकडा छापलेला असतो: 1:24. मूळ गाडीपेक्षा चोवीस पटींनी लहान, असा त्याचा सरळ अर्थ. पण चोवीसच का? दशमान पद्धतीत वाढलेल्या माणसाला विसावा किंवा पंचविसावा हिस्सा जास्त सोयीचा वाटेल. चोवीस हा आकडा फूट-इंचांच्या जगातून आला आहे. बारा इंचांचा एक फूट आणि त्या फुटाला अर्धा इंच, की झाला चोविसावा भाग. इंग्लंड-अमेरिकेतल्या नकाशाकारांच्या आणि नमुने घडवणाऱ्यांच्या टेबलावर हा हिशेब मुरलेला होता. किटच्या खोक्यावर तो तिथून आला.

आता हाच अर्धा इंच आपल्याकडच्या सुताराला दाखवा. तो त्याला चार सूत म्हणेल. इंचाचे आठ भाग केले की एकेक भाग म्हणजे एक सूत. फळी ‘सहा सूत’ जाडीची, खिळा ‘दीड इंचावर दोन सूत’ लांब, असं बोलणं सुताराच्या आणि गवंड्याच्या तोंडी आजही आहे. म्हणजे 1:24 या आकड्याचं चोख मराठी भाषांतर आहे ‘फुटाला चार सूत’. एअरफिक्स कंपनीच्या जुन्या छोट्या किट-गाड्या 1:32 मापाच्या असत. ते झालं फुटाला तीन सूत. विमानांचं लाडकं माप 1:48, म्हणजे दोन सूत. 1:12 ची भली मोठी किट असतात, ती फुटाला आठ सूत, म्हणजे पुरा इंच. ही सगळी मापं मॉडेलकारांना पाठ असतात. ती सुतांत इतकी बिनबाकी बसतात हे मात्र मराठीत कुणी मांडलेलं माझ्या वाचनात नाही, आणि ते मांडायला हवं.

एक खरी गाडी घेऊन हिशेब करून पाहू. 15 मार्च 1961 रोजी जिनिव्हात जगासमोर आलेली जॅग्वार ई-टाइप. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून तिची हिरवी, 77 आरडब्ल्यू क्रमांकाची उघडी गाडी कंपनीचा चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस याने रातोरात हाकत जिनिव्हाला नेली होती. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर बरोबर 8 फूट. फुटाला चार सूत लावले तर बत्तीस सूत, म्हणजे नेमके चार इंच. चाकाची धातूची कडी 15 इंच व्यासाची. ती मॉडेलमध्ये पाच सूत होते. 1966 साली मागे दोन जादा जागा असलेला प्रकार आला, त्याच्या आसांतलं अंतर 9 इंचांनी वाढलं. मॉडेलमध्ये ती वाढ तीन सूत. गाडीची पूर्ण लांबी सुमारे 4.45 मीटर, आणि मॉडेल भरतं साडेअठरा सेंटिमीटर. मीटरमध्ये गेलो की आकडे तुटक होतात. ही गाडी घडवणाऱ्यांनी फूट-इंचांत विचार केला होता, म्हणून तिचं छोटं रूपही त्याच मोजपट्टीवर नीट उतरतं.

सूत म्हणजे दोरा. संस्कृत सूत्र, प्राकृत सुत्त, मराठी सूत. लाकडावर रेघ आखायची तर रंगवलेला दोरा ताणून झटका द्यायचा, ही जगातली जुनी रीत आहे. ती दोरी ज्याच्या हाती, तो सूत्रधार. आणि सूत्रधार या शब्दाचाच झिजून सुतार झाला. नाटकाचा सूत्रधार आणि दाराची चौकट बसवणारा सुतार हे मुळात एकाच नावाचे दोन धनी. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या वास्तुशास्त्रावरच्या ग्रंथाचं नाव ‘समराङ्गणसूत्रधार’ आहे, त्यातला सूत्रधारही दोरी धरणारा स्थपतीच. त्याआधी यज्ञवेदींची मापं सांगणारी शुल्बसूत्रं झाली. तिथे तर शुल्ब म्हणजेच दोरी. मोजणं आणि दोरी यांचं लग्न आपल्याकडे फार जुनं आहे.

मॉडेल या शब्दाचं मूळही मापातच आहे. लॅटिनमध्ये ‘मोडुस’ म्हणजे माप, रीत. त्याचं लाडकं छोटं रूप ‘मोडुलुस’, छोटं माप. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस हा शब्द एककासाठी वापरतो: खांबाची जाडी हे एक माप धरा आणि बाकी इमारत त्याच्या पटींत बांधा. इटलीत त्याचा ‘मोडेल्लो’ झाला, आणि मोठी इमारत बांधण्याआधी करायचा लाकडी नमुना असा अर्थ त्याला आला. सेंट पीटर्सच्या घुमटासाठी मायकेलअँजेलोने करवून घेतलेला लाकडी नमुना आजही व्हॅटिकनमध्ये आहे. म्हणजे मॉडेल आधी, इमारत नंतर, असा तो क्रम होता. आपण आज किटमध्ये करतो ते उलटं: गाडी आधी, मॉडेल नंतर. शब्द मात्र तोच राहिला, कारण दोन्ही दिशांना धरून ठेवणारी गोष्ट एकच, माप.

त्याच मोडुलुसला फ्रान्समध्ये वेगळं वळण लागलं. जुन्या फ्रेंचमध्ये तो ‘मोडल’, मग ‘मूल’ झाला, आणि इंग्रजीत आला तो ‘मोल्ड’ म्हणून, म्हणजे साचा. मॉड्यूल हे तिसरं भावंड लॅटिनमधून पुस्तकी वाटेने आलं. किटच्या कारखान्यात पोलादी साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून भरतात आणि त्यातून मॉडेलचे भाग निघतात. शब्दांच्या वंशावळीत साचा आणि मॉडेल हे सख्खे भाऊ आहेत.

मराठीत याच्या तोडीस तोड एक जोडी आहे, आणि ती मला त्याहून प्रिय आहे. साचा हा शब्द संस्कृत सञ्चक या शब्दातून आला. त्यात ‘सम्’ आणि ‘चि’, म्हणजे एकत्र रचणं, गोळा करणं, हा धातू पाहतात. त्याच ‘चि’पासून संचय आणि संच. किटला मराठीत आपण सहज ‘संच’ म्हणतो. म्हणजे साच्यातून निघतो तो संच, आणि दोघांचं कूळ एक. इंग्रजीतला ‘किट’ मात्र या घरातला नाही. मध्ययुगीन डच भाषेत ‘किट्ट’ म्हणजे लाकडी पट्ट्या कड्यांनी आवळून केलेलं भांडं. त्यावरून इंग्रजीत लाकडी बादली, अठराव्या शतकाच्या अखेरीस सैनिकाचं पाठीवरचं सामान, मग कारागिराची हत्यारं, आणि शेवटी जुळवायच्या भागांचं खोकं. भांड्यापासून खोक्यापर्यंतचा प्रवास सरळ आहे, त्यावर फार रेंगाळायला नको.

प्रमाण या शब्दावर मात्र रेंगाळावं लागेल. संस्कृतात ‘मा’ हा मोजण्याचा धातू. मान, माप, मात्रा, परिमाण, प्रमाण, अनुमान, उपमा आणि प्रतिमा हे सगळे त्याचेच. प्रतिमा म्हणजे मुळात ‘समोरासमोर ठेवून मोजलेलं’, दुसऱ्या वस्तूच्या मापाबरहुकूम केलेलं. देवाची मूर्ती हा अर्थ त्यातूनच आला, आणि मूर्तिशास्त्रात तालमानाचे नियम इतके कडक का, याचं उत्तर शब्दातच आहे: जिचं माप चुकलं ती प्रतिमाच नव्हे. ग्रीक ‘मेट्रॉन’ आणि आपली मात्रा या एकाच आदिभाषेतल्या मुळाच्या शाखा आहेत, म्हणून मिलिमीटरही या कुटुंबातला. लॅटिन मोडुसचं मूळ भाषाशास्त्रज्ञ वेगळ्या धातूपाशी लावतात, तेव्हा मॉडेल आणि प्रतिमा यांचं रक्ताचं नातं जोडू नये. पण दोन्ही भाषांनी ‘सारखी दुसरी वस्तू’ या कल्पनेकडे मापाच्या वाटेनेच जावं, हे मला फार बोलकं वाटतं. दिसायला सारखं असणं ही नंतरची गोष्ट. आधी मोजमाप जुळलं पाहिजे.

इंग्रजीतला ‘स्केल’ मात्र मोजण्यातून आलेला नाही, चढण्यातून आला आहे. लॅटिन ‘स्काला’ म्हणजे शिडी, ‘स्कांडेरे’ म्हणजे चढणे. मोजपट्टीवरच्या आडव्या खुणा शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतात, म्हणून ती स्केल. या स्कांडेरेचा संस्कृतातला सोयरा ‘स्कन्द्’, उडी मारणे. कार्तिकेयाच्या स्कंद या नावात हा धातू पाहतात.

आता खोकं उघडू. प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीत सारे भाग अडकलेले असतात. ते कटरने सोडवायचे, राहिलेला डेख कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासायचा, आणि मग जुळवायचे. या कामाला ‘असेंब्ली’ म्हणतात आणि मराठीत कुणी ‘एकत्रीकरण’ लिहितं, कुणी ‘बांधणी’. माझा कौल ‘जुळणी’ला आहे. छापखान्यात शिशाचे खिळे ओळीत बसवणारा जुळारी होता, त्याचं काम ते अक्षरजुळणी. तयार सुटे भाग, प्रत्येकाची जागा ठरलेली, एकही उलटा बसला तर पान बिघडलं; किटचं काम हुबेहूब तेच आहे. शब्दाचं मूळ युगल, म्हणजे जोडी. जुळं, जुळणं, जुळवणं ही त्याचीच रूपं. बांधणीत दोरी किंवा जोर असतो, एकत्रीकरणात नुसता ढीग असतो. जुळणीत एकाचा दुसऱ्याशी मेळ असतो.

गाडीच्या अंगावरची नावं पाहिली तर लक्षात येतं की मोटारीने स्वतःचे शब्द फारच थोडे घडवले. बहुतेक घोडागाडीकडून घेतले. ई-टाइपचा छप्परवाला प्रकार ‘कूपे’. फ्रेंच ‘कुपे’ म्हणजे कापलेला. चार बैठकींच्या बग्गीतल्या पाठमोऱ्या जागा कापून टाकल्या की उरते ती ‘कापलेली बग्गी’. उघड्या गाडीला कंपनी ‘ओपन टू सीटर’ म्हणे, लोक ‘रोडस्टर’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात रोडस्टर म्हणजे रस्त्यावर लांब मजल मारणारा घोडा. डॅशबोर्ड ही घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवायला बग्गीच्या पुढे लावलेली फळी. ‘डॅश’ म्हणजे तो चिखलाचा सपकारा. आज त्या फळीवर स्मिथ्स कंपनीच्या गोल तबकड्यांची रांग असते आणि मॉडेलमध्ये त्या तबकड्या भिंगाखाली बसवाव्या लागतात. बॉनेट ही फ्रेंचांची टोपी. ई-टाइपचं बॉनेट मात्र टोपीसारखं नुसतं वर उचललं जात नाही. पुढची दोन्ही मडगार्डं आणि दिवे यांच्यासकट सगळं तोंडच नाकाशी असलेल्या बिजागरीवर पुढे झुकतं. म्हणूनच या गाडीच्या किटमध्ये बॉनेट उघडं ठेवून इंजिन दाखवण्याचा मोह कुणाला आवरत नाही.

आणि डिकी. आपल्या बोलीतला हा शब्द जिवंत आहे, पण ज्या इंग्रजांकडून तो आला त्यांनी तो कधीच मागे टाकला. ते आता ‘बूट’ म्हणतात. बग्गीच्या पाठीमागे नोकरासाठी असलेली जागा ती डिकी. सुरुवातीच्या मोटारींत मागचं झाकण उघडून तिथे जादा माणूस बसवत, पुढे सामान ठेवू लागले. इंग्लंडात शब्द मेला आणि मराठीत टिकला, असं उसन्या शब्दांचं नेहमी होतं. आलेला पाहुणा मूळ घरापेक्षा जास्त जगतो. ई-टाइप कूपेची डिकी वर उचलत नाही, कपाटाच्या दारासारखी बाजूला उघडते.

‘चॅसी’चीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे गाडीच्या कागदांवर तिचा नंबर असतो आणि गॅरेजात तिला चासी म्हणतात. लॅटिन ‘काप्सा’ म्हणजे पेटी. फ्रेंचमध्ये तिची ‘शास’ झाली, संतांचे अवशेष ठेवायची पेटी. तिच्यापासून ‘शासी’, म्हणजे चौकट. इंग्रजांनी खिडकीची चौकट या अर्थाने तो शब्द घेतला, शेवटचा आवाज अनेकवचनाचा समजून तोडून टाकला, आणि ‘सॅश’ खिडकी तयार झाली. कॅप्सूल आणि केस हेही त्याच काप्साचे. म्हणजे वर-खाली सरकणारी खिडकी, औषधाची कॅप्सूल आणि ट्रकचा सांगाडा ही एकाच पेटीची लेकरं.

ई-टाइपला मात्र जुन्या अर्थाची चॅसी नाहीच. तिचा आकार मॅल्कम सेयर याने काढला. तो आधी ब्रिस्टल एअरोप्लेन कंपनीत होता आणि वाऱ्याचा हिशेब कागदावर गणिताने मांडत असे. गाडीचा मधला भाग म्हणजे विमानासारखं पत्र्याचं कवच, आणि त्याला पुढे बोल्टांनी जोडलेली चौकोनी नळ्यांची चौकट, जिच्यावर इंजिन बसतं. या रचनेला ‘मोनोकॉक’ म्हणतात. ग्रीक ‘मोनोस’ म्हणजे एक, फ्रेंच ‘कॉक’ म्हणजे अंड्याचं किंवा अक्रोडाचं टरफल. मराठीत ‘एककवची’ म्हणावं असं मला वाटतं. किट जुळवताना पुढच्या त्या नळ्या सर्वांत नाजूक असतात, आणि ज्याला मोनोकॉकचा अर्थ कळला त्याला त्या नळ्या कवचाला कुठे आणि का टेकतात हेही कळतं. शब्द समजला की हात बरोबर जागी जातो.

चाकाशी आलो की आपण थेट आपल्या अंगणात येतो. ई-टाइपला तारांची चाकं असत, प्रत्येकाला 72 तारा. मराठीत त्या तारांना आरे म्हणायला काहीच हरकत नाही. संस्कृत ‘अर’ ऋग्वेदापासून चाकाचा आरा आहे. मधल्या भागाला आज सारं जग हब म्हणतं. त्याआधीचा इंग्रजी शब्द ‘नेव्ह’. तो आणि संस्कृत नाभि एकाच मुळाचे. शरीराची नाभी आणि चाकाची नाभी एकाच शब्दात सांगण्याची रीत आदिभाषेतच होती, ती दोन्हीकडे उतरली. आपल्या बैलगाडीत या भागाला तुंबा म्हणतात. ‘अॅक्सल’ आणि अक्ष सख्खे. अक्षाचा मराठीत झाला आस, ज्याच्याभोवती शाळेच्या पुस्तकात पृथ्वी फिरते. लॅटिन ‘रोटा’ म्हणजे चाक आणि आपला रथ, हेही सोयरे. इंग्रजी ‘व्हील’ आणि चक्र हे तर एकाच शब्दाची दोन वयं. हजारो वर्षांपूर्वी ती आदिभाषा बोलणाऱ्यांच्या तोंडचे हे शब्द आहेत. मोटारीच्या इतर भागांची नावं बदलत राहिली, चाकाची फारशी बदलली नाहीत.

टायरचं तसं नाही. ‘अटायर’ म्हणजे पोशाख. चाकाला चढवलेला लोखंडी पोशाख तो टायर, अशी त्याची व्युत्पत्ती मानतात. मराठी गाडीवानाने त्याच लोखंडी पट्टीला धाव म्हटलं. इंग्रजीने पट्टीत कपडा पाहिला, मराठीने पळणं पाहिलं. लोहार धाव तापवून चाकावर चढवी आणि पाणी ओतून आवळून घेई, ते दृश्य गावातून गेलं आणि शब्दही जवळजवळ गेला. मला हा शब्द टायरपेक्षा कितीतरी सुंदर वाटतो.

साध्या किटमध्ये या 72 तारा प्लास्टिकच्या असतात आणि हमखास जाड दिसतात. म्हणून हौशी लोक पितळेच्या किंवा पोलादाच्या पातळ पत्र्यातून काढलेले आरे वेगळे आणतात. ते काढायच्या रीतीला ‘फोटो-एच’ म्हणतात: पत्र्यावर प्रकाशाने चित्र उमटवायचं आणि नको तो धातू आम्लाने खाऊन टाकायचा. ‘एच’ हा शब्द डचमधून आला, तिथे जर्मनमधून. मूळ अर्थ ‘खायला लावणे’. खाण्याचा हा धातू आणि संस्कृत ‘अद्’ एकच, आणि त्या ‘अद्’पासून अन्न. आम्लाने पत्रा खाल्ला असं आपण मराठीत व्युत्पत्ती माहीत नसतानाही म्हणतो, आणि ते अगदी बरोबर म्हणतो.

ज्या द्रव्याचं किट बनतं ते पॉलिस्टायरीन. ‘प्लास्टिक’चा ग्रीक अर्थ घडवता येणारं. ‘स्टायरीन’ची कथा आपल्या काष्ठौषधींच्या दुकानापर्यंत येते. 1839 साली बर्लिनमधल्या एदुआर्द झिमोन या औषधविक्रेत्याने स्टोरॅक्स नावाच्या सुगंधी राळेतून एक तेलकट द्रव वेगळा केला आणि त्याला ‘स्टायरॉल’ नाव दिलं. ठेवून दिला की तो घट्ट होई. असं का होतं, लहान रेणू एकमेकांना जोडून लांब साखळी कशी होते, हे पुढे हेर्मान श्टाउडिंगर यांनी मांडलं. त्यांना 1953 साली नोबेल मिळालं. ही स्टोरॅक्स राळ म्हणजे आपल्याकडचा शिलारस, धुपाच्या आणि अत्तराच्या कामात वापरतात तो. नावात शिळा दिसते पण संबंध नाही. संस्कृत नाव सिल्ह किंवा सिल्हक. अमरकोशात त्याचीच आणखी नावं तुरुष्क आणि यावन अशी आहेत, आणि नावांवरूनच कळतं की माल पश्चिमेकडून येई. ते झाड तुर्कस्तानचंच. आज स्टायरीन खनिज तेलातून काढतात, झाडाचा त्यात वाटा नाही. तरी किट चिकटवण्याच्या द्रवाचा उग्र वास घेताना हे मूळ ठाऊक असावं. तो द्रव खळीसारखा किंवा सरसासारखा मध्ये बसत नाही. दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो आणि स्वतः उडून जातो. त्यामुळे त्याला गोंद म्हणणं चूक आहे; तो सांधतो.

सांध्यावर राहिलेली फट भरायला पुट्टी. इंग्रजी ‘पुट्टी’ फ्रेंच ‘पोते’वरून, म्हणजे भांडंभर ऐवज. आपला रंगारी तिला लांबी म्हणतो. लांबी-रुंदीतली लांबी वेगळी, ही वेगळी. ‘दरवाज्याला लांबी भरली’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही सुताराला कळतं. जुन्या मराठीत लुकण हाही शब्द आहे. लांबी वाळली की घासायची आणि त्यावर अस्तराचा हात द्यायचा. किटवाले त्याला प्रायमर म्हणतात, पण रंगाऱ्याचं अस्तर जास्त नेमकं आहे. कोटाच्या आतलं अस्तर आणि रंगाखालचं अस्तर, काम तेच, आधार देण्याचं. शब्द फारसीतून आला, मूळ अर्थ पसरलेलं; संस्कृतातला त्याचा भाऊ आस्तरण, आणि आस्तरणातून घरी आलेलं मराठी रूप अंथरूण. अस्तर फारसीच्या वाटेने आलं आणि अंथरूण प्राकृताच्या वाटेने, दोघांची भेट मराठीत झाली.

वर रंग द्यायचा तो बहुधा लॅकर. हा शब्द तर भारतातूनच निघाला. लाक्षा, प्राकृतात लक्खा, मराठीत लाख. फारसीत लाक, पोर्तुगीजांत ‘लाका’, आणि तिथून इंग्रजीत लॅकर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडून तांबड्या समुद्रावरच्या अडुलिस बंदरात जाणाऱ्या मालात रंगीत लाखेची नोंद आहे, ‘लाक्कोस ख्रोमातिनोस’. पांडवांना जाळायला उभारलेलं लाक्षागृह आणि गाडीच्या टपावरचा चकाकता हिरवा थर, दोन्हीत तोच शब्द. आजच्या फवाऱ्याच्या डब्यात लाख नसते हे खरं. पण सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांचा आणि लाखकामाचा वारसा आहे, आणि चितार म्हणजे चित्रकारच. लाकडाच्या छोट्या वस्तूला माप, आकार आणि चकाकी देण्याची कला कोकणात किटच्या कितीतरी आधीपासून नांदते आहे. वरच्या चकाकीला मराठीत झिलई हा शब्द अरबीतून आला आहे. ‘ग्लॉस’ लिहिण्याचं कारण नाही.

त्या पेरिप्लसच्या नोंदीतला ‘ख्रोमा’ म्हणजे रंग. 1797 साली फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लां यांना नवा धातू सापडला, त्याची संयुगं रंगीबेरंगी होती, म्हणून नाव क्रोमियम. मग त्याच्या मुलाम्याला क्रोम म्हणू लागले, आणि रंगाचं नाव बिनरंगाच्या लखलखाटाला चिकटलं. किटमधले ‘क्रोम’ भाग तर क्रोमचेही नसतात. निर्वात पेटीत अॅल्युमिनियमची वाफ प्लास्टिकवर बसवलेली असते. ती काचेच्या चौकटीवर, तीन वायपरांवर फार भडक दिसते. माझं मत असं की ती काढून टाकून बेताचा चंदेरी रंग द्यावा.

तबकड्यांवरचे आकडे आणि नंबरपाट्या येतात त्या पाण्यात भिजवून सरकवायच्या चित्रांतून, ‘डिकॅल’. फ्रेंच ‘देकाल्कोमानी’, एकोणिसाव्या शतकात काच-चिनीमातीवर चित्रं उतरवण्याचं वेड पसरलं होतं त्याचं नाव. त्यात ‘कालके’, म्हणजे दाबून नक्कल उतरवणं. लॅटिनमध्ये टाचेने तुडवणं. याच शब्दावरून भाषाशास्त्रात ‘काल्क’ ही संज्ञा आली: परक्या शब्दाचे घटक एकेक करून आपल्या भाषेत उतरवणं. ‘हनीमून’चा मधुचंद्र आणि ‘कोल्ड वॉर’चं शीतयुद्ध हे मराठीतले नामी काल्क. डिकॅल आणि काल्क या दोन्हींत धोका एकच, खालच्या वळणावर नीट बसला नाही तर कडा उचलते. मधुचंद्र बसला. ‘लघुप्रमाण प्रतिकृती-संच’ असलं काही बसणार नाही.

आणि सगळ्यात शेवटचं, पण या छंदाचा प्राण असलेलं काम म्हणजे डिटेलिंग. ‘देताये’ म्हणजे फ्रेंचमध्ये तुकडे कापणे. टेलर हा त्याच कापण्यातला. मराठीत आपण तपशील म्हणतो. अरबी ‘तफ्सील’, धातू फ-स-ल, वेगळं करणे. फैसला म्हणजे हक्काचे दोन भाग वेगळे करणे, तेही त्यातलंच. अरबीत तफ्सील कपडा बेतण्यालाही म्हणतात. युरोपात आणि अरबस्तानात, एकमेकांशी नातं नसलेल्या दोन भाषांनी, बारकाव्याला कापण्याचंच नाव दिलं, आणि दोन्हीकडे शिंपी मधे आला. हे अगदी शब्दशः करून दाखवलं ते जपानच्या शिझुओकातले किट बनवणारे शुन्साकू तामिया यांनी. पोर्शे 934 चं 1:12 किट 1976 साली आलं, त्यासाठी त्यांनी खरी पोर्शे 911 विकत घेतली आणि सुटी करून पाहिली. तपशील म्हणतात तो हा. वस्तू आतून कशी जोडली आहे हे पाहिल्याशिवाय वरून चिकटवलेली कलाकुसर म्हणजे तपशील नव्हे, ती सजावट.

छंद या शब्दालाही दोन बाजू आहेत, आवड आणि वृत्त. पैकी वृत्ताची बाजू मात्रा मोजते. इंग्रजी ‘हॉबी’ हा मुळात छोटा घोडा, मग मुलांचा लाकडी घोडा, मग मन रमवणारी कुठलीही गोष्ट. इतकं त्याबद्दल पुरे.

जॅग्वार ही कंपनी जून 2008 मध्ये टाटा मोटर्सकडे, म्हणजे मुंबईकडे आली. जॅग्वार हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतला, तिथे त्याचा अर्थ शिकारी श्वापद. तो पोर्तुगीजांच्या मार्फत युरोपात गेला, 1945 साली कॉव्हेंट्रीच्या मोटार कंपनीचं नाव झाला आणि आता आपल्या दारात आहे. त्याला आपण जसा सहज घेतला तसेच चॅसी, बॉनेट, डिकी घेतले. ते मराठीच आहेत, त्यांना हाकलायचं कारण नाही. माझी तक्रार दुसरीकडे आहे. सूत, लांबी, लुकण, अस्तर, झिलई, कानस, धाव, तुंबा हे शब्द हातात असताना मराठीत या कामाबद्दल लिहिणारे एकतर इंग्रजी शब्दांची रांग लावतात किंवा कोशातून अवजड संस्कृत शब्द उचलून आणतात. दोन्हींची गरज नाही. ज्यांनी खरं माप घेतलं, खरं लाकूड घासलं, खऱ्या गाडीला रंग दिला, त्यांची भाषा छोट्या गाडीला पुरेपूर पुरते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या गावात जुना सुतार, गाडीकाम करणारा लोहार किंवा गॅरेजात पत्र्याचं काम करणारा मेस्त्री असेल, तर त्याच्यापाशी बसा आणि हत्यारांची, मापांची, लेपांची नावं विचारून लिहून घ्या. विदर्भात, खानदेशात, गोव्यात यांतल्या काही वस्तूंना वेगळी नावं असतील, तीही उतरवा. आणि पुढचं किट जुळवायला घ्याल तेव्हा त्याच्या कागदावर 1:24 च्या शेजारी पेन्सिलीने लिहा: फुटाला चार सूत.